चिमणीची चिठ्ठी, सहीसकट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

महेश्वरीस,
स. न. वि. वि.

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. 'चि.' लिहावं तर तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी, 'ती.' लिहावं तर तू पुण्याहून येऊन मारशील. शेवटी अप्पांच्या दुकानातून व्यापाऱ्यांना जातं तसं स. न. वि. वि. ठेवलं. मधेच कुठं 'माल मिळाल्याचे कळवावे' असं आलं तर समजून घे, हाताला सवय झालीय.

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली कळव. पुण्याच्या नव्या होस्टेलात भाकरी मिळते का, की रोज चपातीच?

तुझा निरोप वाचला. 'अकरा मेसेज पाठवलेस आणि अकराच्या अकरा डिलीट केलेस. जे काय सांगायचंय ते कागदावर लिहून पाठव. कागद डिलीट होत नाही.' वाचून जरा राग आला. म्हणजे आता मला राग येत नाही, मी लई शांत झालोय. फोन फक्त आपटला, आणि तोपण गादीवर.

तर हा कागद. त्या अकरा मेसेजांत विशेष काही नव्हतं. केसांबद्दलच होतं सगळं.

तू परवा स्टेटस टाकलंस की शनिवारी, वीस तारखेला, पार्लरमध्ये जाऊन केस कायमचे सरळ करून घेणार. 'बाय बाय घरटं' आणि खाली चिमणीचं चित्र. ते बघितल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कायमचे म्हणजे काय, हे तुला त्या पार्लरवालीनं नीट सांगितलंय का? औषध लावतात, गरम इस्त्री फिरवतात आणि केसांची वळणं मारून टाकतात. नंतर मुळातून नवीन केस येतात ते कुरळेच, खाली लोंबतात ते सरळ. वरून तू आणि खालून कुणीतरी दुसरीच, असं चालेल का तुला?

गेले आठ महिने मी ह्या एकाच विषयाचा अभ्यास केलाय. एवढा कॉलेजात केला असतास तर, हे वाक्य अप्पा रोज म्हणतात, त्यामुळं मी इथं लिहीत नाही.

कुरळा केस मुळात तहानलेला असतो बघ. सरळ केसावरून डोक्यातलं तेल घसरगुंडीवरून आल्यासारखं खाली येतं. कुरळ्या केसात ते प्रत्येक वळणाला अडकतं आणि टोकापर्यंत पोचतच नाही, उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरी टँकर पोचत नाही तसं. म्हणून शाम्पू आठवड्यातून एकदा बास, कंडिशनर मात्र हात आखडता न घेता लावायचं. कंगवा कोरड्या केसांना लावायचा नाही. तू रोज सकाळी कोरडेच विंचरून यायचीस की नाही? म्हणून ते फुलून बसायचे, मग तू दुसऱ्या तासाला वैतागून रबर लावायचीस आणि तिसऱ्या तासाला ते तुटायचं. ओल्या केसांत कंडिशनर असतानाच, जाड दातांच्या कंगव्यानं, आधी टोकं सोडवत मग वर वर जायचं. आणि धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती टी-शर्ट घ्यायचा, त्यात केस अलगद दाबायचे.

हे टॉवेलचं प्रकरण माझ्या अंगाशी आलंय. कॉलेज सुटल्यापासून मी चाटी गल्लीत अप्पांच्या दुकानात बसतो, हे तुला माहीत आहेच. आजोबांपासून आम्ही टॉवेल विकतोय. गेल्या महिन्यात एक काकू आल्या, सोबत मुलगी, मुलीचे केस थेट तुझ्यासारखे. काकू म्हणाल्या, "हिच्या केसांचं पाणी ओढून घेणारा जाड टर्किश टॉवेल दाखवा." माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, टॉवेल कशाला घेताय? घरात जुना टी-शर्ट असेल की!"

अप्पांनी चष्मा वर केला.

"काय म्हणालास?"

"अप्पा, टॉवेलच्या धाग्यांच्या फासांत कुरळा केस अडकतो, तुटतो, आणि..."

"वीरभद्रप्पा टॉवेलवाल्याचा पोरगा," अप्पा उभे राहिले, "सोलापुरात, टॉवेलच्या दुकानात, गिऱ्हाइकाला सांगतोय टॉवेल नको! उद्या म्हण, चादर नको, पोतं पांघरा!"

काकूंनी टी-शर्टची सगळी माहिती फोनमध्ये लिहून घेतली आणि काहीही न घेता गेल्या. जाताना मला थँक्यू म्हणाल्या. ते अप्पांना जास्त लागलं.

त्या वेळी हिंदुरावकाका हसत बसले होते. तू त्यांना बघितलं नसशील. एस.टी.तले रिटायर कंडक्टर, मूळचे मंद्रूपचे. रोज अकराला दुकानात येतात, पेपर वाचतात, चहा घेतात आणि अप्पांना दुकान कसं चालवायचं ते सांगतात. हसता हसता त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, आणि महेश्वरी, मला दिसलं! पस्तीस वर्षं टोपीखाली आणि वाटीभर खोबरेलाखाली दाबून टाकलेलं, पांढरंशुभ्र, अस्सल कुरळं डोकं.

मी तिथंच त्यांचे पाय धरले. मला प्रयोगाला डोकं पाहिजे होतं. माझे केस तुला माहीत आहेत, केरसुणी.

"माझ्या डोक्यावर?" काका म्हणाले. "आरं मी काय बोकड हाय व्हय?"

"कातरायचं नाही काका, फुलवायचं."

"ह्या वयात फुलवून कुटं जाऊ? बजाबाई घरात घ्यायची न्हाय."

पण तयार झाले. जेल मी घरीच केलं. बाजारातलं कशाला, आपल्याकडं जवस आहे की. चार चमचे जवस दोन पेले पाण्यात उकळायचा, भेंडीसारखी तार धरली की गॅस बंद, आणि गरम आहे तोवर पातळ फडक्यातून गाळायचं. गार झालं की ते फडकं सोडत नाही. आईच्या, आमच्या अव्वाच्या, स्वयंपाकघरात खुंटीला मलमलचं फडकं होतं. घेतलं, गाळलं. जेल जरा लालसर आलं. म्हटलं, जवसाचाच रंग असेल.

दुकानाच्या मागच्या खोलीत काकांच्या डोक्याला चोपडलं. दोन मिनिटांनी काका म्हणाले, "नंद्या, हे लागाय लागलंय."

"लागतंय म्हणजे काम करतंय, काका."

"लई काम कराय लागलंय रे."

"मुळापर्यंत जातंय."

"आरं पेटलो की!"

नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, आपल्याकडं असतं कधी? काकांनी सरळ दुकानातल्या पिण्याच्या माठात डोकं घातलं. बाहेर काढलं तेव्हा डोळे मिटलेले, हात पुढं, तोंडानं माझा उद्धार. आणि अप्पा काय केले माहिताय? शांतपणे फळीवरून सगळ्यात जाड टर्किश काढला, घडी मोडली, काकांच्या हातात दिला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "घ्या हिंदुराव. का टी-शर्ट देऊ?"

घरी गेल्यावर अव्वानं ते फडकं माझ्या नाकासमोर धरलं. "येनो इदु? काय रे हे? माझं काळं तिखट चाळायचं फडकं हाय हे!"

दुसरा प्रयोग मात्र नव्या फडक्याचा. ओल्या केसांना जेल लावून मुठीत धरून वर वर दाबलं, वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. वाळल्यावर केस कडक होतात, तेव्हा घाबरायचं नाही, हातानं हलकेच चुरायचे. आणि मग काकांच्या डोक्यावर द्राक्षाचे घडच्या घड लोंबले! काका आरशासमोरून हलेनात. तसेच घरी गेले. बजाबाईकाकूंनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "लग्नात असंच होतं की तुमचं. मला वाटलं, गेलं." तेव्हापासून काकांनी टोपी घातलेली नाही.

सोबत बाटली पाठवतोय. काळजी करू नको, ह्यातलं काकांनी आधी स्वतःच्या डोक्याला लावून बघितलंय. फ्रीजमध्ये ठेव, आठवडाभर टिकतं. झोपताना उशीला रेशमी अभ्रा पाहिजे, सुती उशी केस ओढते. मी अव्वाच्या जुन्या इरकलच्या रेशमी पदराकडं कात्री घेऊन गेलो होतो, पण पकडलो गेलो. "कुणाच्या उशीला?" असं तिनं तीनदा विचारलं. मी म्हटलं, काकांच्या. तिला पटलेलं नाही.

शनिवारचं रद्द कर. का, ते विचारू नकोस. पार्सल काकांच्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिलंय, स्वारगेटला घे.

माल मिळाल्याचे कळवावे.

आपला,
नंदीश

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

प्रिय महेश्वरी,

हे 'प्रिय' लिहायचा हक्क पत्राच्या शेवटापर्यंत उरेल की नाही माहीत नाही, म्हणून सुरुवातीलाच वापरून घेतोय.

तुझी चिठ्ठी काल त्याच कंडक्टरकडून आली. चारच ओळी आहेत, पाठ झाल्या. 'जेल मिळालं. जवसाच्या चटणीचा वास येतो, पण केस छान झाले. तरीही शनिवारी जाणार. ज्यानं ती चिमणी लिहिली तो दोन वर्षं माझ्या मागे बसून माझ्या डोक्याला हसत होता, हे मनातून जात नाही. आरशात बघितलं की तोच बघतोय असं वाटतं. तू एकटा माझ्यासाठी उठलास आणि कॉलेज घालवून बसलास, म्हणून तुलाच विचारते, न जायला एक कारण सांग. कंडिशनर सोडून.'

काल दुपारपासून सहा पत्रं लिहिली. सहावं हिंदुरावकाकांना वाचून दाखवलं. त्यात मी केसांच्या वळणांचे चार प्रकार लिहिले होते, प्रत्येकाचं चित्र काढलं होतं. काकांनी शांतपणे ऐकलं, कुरळ्यांतून हात फिरवला (फिरवू नका म्हणून हजारदा सांगितलंय) आणि म्हणाले, "पोरा, हे पत्र न्हाय. शाम्पूची जाहिरात हाय. तिनं कारण विचारलंय, तू नळ सोडून बसलायस. पस्तीस वर्षं गाडीत माणसं बघितली मी. बिगरतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर लई बघतो. तुझ्याकडं काय न्हाय, ते सांग."

मला राग आला. खरंच आला. स्टूल लाथाडलं. स्टुलावर नॅपकिनची चवड होती, ती रस्त्यावर पडली. नॅपकिन गोळा करता करता रडायला आलं. अप्पा म्हणाले, "काय बिघडलं का रे?" मी म्हटलं, "नाही अप्पा." ते नॅपकिनबद्दल विचारत होते.

आता लिहितो. एका दमात लिहितो, नाहीतर सातवं पत्र फाडीन.

चिमणीची चिठ्ठी मी लिहिली होती.

'महेश्वरीचे केस बघून चिमणीला पडलं कोडं,
घरटं कुणी बांधलंय हे, राहू का इथं थोडं?'

हे माझं. डाव्या हातानं लिहिलं, अक्षर ओळखू नये म्हणून. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी कॅन्टीनबाहेरच्या फिशपॉन्डच्या निनावी चिठ्ठ्यांच्या मडक्यात टाकलं, आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. कोडं-थोडं जुळवायला मला दोन तास लागले होते.

का लिहिलं, ते सांगतो. त्यानं काही कमी होत नाही, पण तू विचारशीलच. तू मला आवडायचीस. पहिल्या वर्षापासून. फिशपॉन्डमध्ये कौतुक लिहिणारा लगेच पकडला जातो, आणि आमच्या मागच्या बाकावर एकच पद्धत, आवडली की तिला नावं ठेवायची. दुसरं काही आम्हाला येतच नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की स्टेजवरून तुझं नाव पुकारलं जावं, सगळ्यांनी हसावं, तू लटक्या रागानं मागं वळावंस, 'कोण रे तो?' म्हणावंस आणि मी छताकडं बघावं. ह्याच्या पुढचा विचार मी केला नव्हता. ह्याच्या पुढचा विचार मी कशाचाच करत नाही, हे आता तुला माहीत झालंय.

अभिमन्यू गॅदरिंग सेक्रेटरी, तो काय करणार, हातात आलं ते त्यानं वाचलं. हॉल हसला. पहिल्यांदा हसणाऱ्यांत मीपण होतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मग कुणीतरी मागून 'चिव चिव' केलं, आणि मला तुझी मान दिसली, पाठमोरी. तुझ्या कानामागं एक बट असते, तू नुसता श्वास घेतलास तरी हलते. ती हलायची थांबली होती. तू मागं वळली नाहीस.

पोरं 'वन्स मोअर' ओरडली. अभिमन्यूनं दुसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली तेव्हा मी स्टेजवर होतो. मडकं चिठ्ठ्यांसकट त्याच्या डोक्यावर उलटं घातलं, माइक फेकला, पुढचं सगळं तुला माहीत आहे. मडकं चुकीच्या डोक्यावर गेलं, एवढंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तू तेल थापून घट्ट वेणी घालून आलीस. पोरं तरी महिनाभर चिव चिव करत होती म्हणे. तोवर मी बाहेर पडलो होतो. प्राचार्य सरांनी म्हटलं होतं, अभिमन्यूची लेखी माफी माग, विषय संपला. मी लिहायला बसलो. 'मला राग अनावर झाला कारण', इथपर्यंत आलो. 'कारण'च्या पुढं खरं लिहिलं असतं तर ते दुपारपर्यंत तुझ्याकडं पोचलं असतं. कागद फाडून सरांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. सगळे म्हणाले, पोरगा स्वाभिमानी आहे. अप्पा म्हणाले, मूर्ख आहे. अप्पा नेहमीप्रमाणं बरोबर होते.

आणि त्या संध्याकाळी तुझा मेसेज आला. 'सगळ्या कॉलेजात एकच माणूस निघाला.' महेश्वरी, तो मेसेज मी आठ महिने जपलाय, चोरीची वस्तू जपतात तसा. रोज काढून बघायचा आणि परत लपवायचा. अकरा वेळा खरं लिहिलं, पाठवलं, आणि तू बघायच्या आत पुसलं.

तर हे तुझं कारण. तुझ्या मागं बसून तुझ्या डोक्याला हसणारा कुणी नव्हता. दोन वर्षं गणिताच्या तासाला फळ्याऐवजी तुझ्या केसांकडं बघणारा एक गाढव होता. एम-थ्रीत दोनदा नापास झाला, पण एकूण वळणं किती ते त्याला पाठ आहे. आरशात आता तो दिसला तर त्याच्यावर चीड, त्याला शिव्या दे, पुण्याहून येऊन टर्किश टॉवेल पिळून हाण. केसांनी तुझं काही वाईट केलेलं नाही. मी केलंय.

आज सकाळी अभिमन्यूच्या घरी जाऊन आलो. जानेवारीतलं वाक्य पुरं करून नेलं होतं, 'मला राग अनावर झाला कारण चिठ्ठी माझीच होती.' त्यानं दोनदा वाचलं. सवयच आहे त्याला.

"म्हणजे तुझीच चिठ्ठी वाचली म्हणून तू मला मडकं घातलंस?"

"व्हय."

"थांब. घरात मडकं हाय का बघतो."

मी मान खाली घालून अंगणात उभा राहिलो. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "खबरदार, पाण्याचं हाय ते!" मग तो चहा घेऊन आला. चहा संपवून मी निघताना म्हणाला, "तिला सांगितलंस का? का फक्त मलाच?" म्हणून घरी आल्या आल्या हे लिहायला बसलो.

लिहिता लिहिता मधेच अव्वालाही सांगितलं. तिला मी भांडखोर म्हणून माहीत होतो, ह्या प्रकारचा म्हणून नव्हतो. ती म्हणाली, "पोरीच्या केसाला नावं ठेवलास? भर सभेत?" आणि उठून आत गेली. मला वाटलं रडत असेल. तासाभरानं मशीनचा आवाज थांबला आणि ती अभ्रा घेऊन बाहेर आली. त्याच इरकलच्या पदराचा. म्हणाली, "हे तिच्यासाठी, तुझ्यासाठी न्हाई. तिला लिही, तुझ्याशी बोलली न्हाई तरी अभ्रा परत पाठवायचा न्हाई." जसंच्या तसं लिहिलंय.

शनिवारी जायचं की नाही, ते तूच ठरव. केस तुझे. रद्द कर म्हणून मी मागच्या पत्रात हुकूम सोडला होता, तो मागं घेतो. सरळ करून घेतलेस तर सरळ केसांना काय लागतं तेही शिकून घेईन, आठ महिने लागतील फारतर. पण जायचं असेल तर तुझ्या मनानं जा. कुणाच्या डाव्या हातच्या दोन ओळींसाठी जाऊ नको.

तुझा तो मेसेज आता तुला परत. माझा नव्हता तो. उत्तर नाही आलं तरी समजेन, फोन आपटणार नाही. गादीवरसुद्धा नाही.

काकांनी एक निरोप दिलाय, मी नको म्हटलं तरी. 'पोरगं तिकीट काढून बसलंय. उतरवायचं का न्हाय, ते तुमी बघा.'

पहिल्या चिठ्ठीखाली नाव नव्हतं. ह्याच्याखाली पूर्ण लिहितो, आणि उजव्या हातानं.

चिमणी लिहिणारा,
नंदीश वीरभद्रप्पा कलशेट्टी